पापणी पडलेली हवी

बसस्टँडसमोरच्या चौकात माझा फोटो लागला आहे. आयुष्यात कधी सरपंचकीलासुद्धा उभी राहिले नाही, पण हल्ली ऑटोवाले मला पाहून हसत हसत हात जोडतात. फ्लेक्सच्या मधोमध आमच्या मोठ्या सरांचा चेहरा, चांगला चुलाण्याएवढा. त्यांच्या दोन्ही बाजूंना मावळते आणि नियोजित अध्यक्ष, आणि खाली कोपऱ्यात, लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ असतात ना, तिथं मी. वर सोनेरी अक्षरांत मेंदूविकाराच्या प्राध्यापक मंडळींचं वार्षिक शास्त्रीय अधिवेशन, यवतमाळनगरीत सहर्ष स्वागत वगैरे. अधिवेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्या फ्लेक्सखालून जाताना मला रोज ओकारी येते, आणि ती काहून येते ते एकदाचं लिहून काढायचं आहे.

मी मेंदूची डॉक्टर. लकवा, फिट, कंपवात, डोकेदुखी, हे माझं रोजचं. दिग्रसकडच्या कापूस-तुरीच्या घरातली पोरगी. मोठ्या शहरात शिकले, काही वर्षं तिथंच शिकवलं, आणि मग यवतमाळला येऊन स्वतःचं छोटं हॉस्पिटल टाकलं. मोठे सर माझे शिक्षक. बोलतात छान, शिकवायचेही छान, हे कबूल केलंच पाहिजे. घरी मी वऱ्हाडीच बोलते. इथं लिहिताना जरा सोवळं नेसलं आहे, पण राग आला की ते सुटतं, त्याला इलाज नाही.

अधिवेशन यवतमाळला ठरलं तेव्हा मी वेड्यासारखी खूश झाले होते. वाटलं, चला, एवढे शिकलेले लोक पहिल्यांदा आपल्या मातीत येणार. इथल्या तरुण डॉक्टरांच्या कानावर चार चांगल्या गोष्टी पडतील. मग हळूहळू कळलं की गावाची निवड वाघानं केली होती. टिपेश्वरचं जंगल इथून जवळ, आणि तिथं वाघ हमखास दिसतो असं कुणीतरी बैठकीत बोललं. झालं! अधिवेशनाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो जिप्सीच्या बुकिंगचा. दुसरा, सावजी रस्सा मिळेल का. तिसरा, मागच्या वर्षीच्या बॅगेची चेन दोन दिवसांत तुटली होती, यंदा बॅग चामड्याची असेल का. मेंदूविषयी प्रश्न यायला बराच वेळ लागला, आणि तोही कुणीतरी चुकून या ग्रुपवर टाकला होता, त्यानं तो लगेच पुसला.

मी एकदा म्हटलं, आपण एक तास तालुक्याच्या डॉक्टरांसाठी ठेवू, फिट आल्यावर तोंडात चमचा कोंबू नका, कांदा हुंगवू नका, एवढं जरी लोकांना सांगितलं तरी पुष्कळ. त्यावर तीन अंगठे आले आणि लगेच स्वागताच्या फेट्याचा रंग कोणता यावर चर्चा सुरू झाली. फेट्यावर आमच्या या विद्वान मंडळींनी एक अख्खी संध्याकाळ खर्च केली. शी! मला स्वतःच्या फोनला हात लावायची किळस यायला लागली होती.

तरी इथवर मी सगळं गिळलं. लग्नघर म्हटलं की रुसवेफुगवे आलेच, असं स्वतःला समजावलं. पुढचं गिळवलं नाही.

अधिवेशनाचं मुख्य आकर्षण म्हणजे मोठ्या सरांचं रुग्ण-प्रात्यक्षिक. खरा पेशंट स्टेजवर बसवायचा, आजार डोळ्यांसमोर दाखवायचा. सरांनी मला फोन केला, “तुझ्याकडे मायस्थेनियाची एक बाई आहे ना, पापण्या पडणारी? तीच हवी.”

ती बाई म्हणजे आपा. दिग्रसला जिनिंगच्या रस्त्यावर तिचं नि तिच्या नवऱ्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. नवरा मशीनवर कापूस पिंजतो, ती टाके घालते. सगळं गाव तिला आपा म्हणतं, म्हणून मीही म्हणते, तिच्या नवऱ्याला चाचा म्हणते. तिचा आजार सांगायला सोपा आहे. नसेचा निरोप स्नायूपर्यंत धड पोचत नाही. सकाळी बाई ठणठणीत उठते, आणि दिवस चढेल तशा पापण्या मिटत जातात, बोलणं नाकातून यायला लागतं, घास घशात अडकतो. फारच झालं तर श्वास. गोळी घेतली की तो निरोप काही तासांपुरता पोचतो, मग पुन्हा गोळी. ती चुकवायची नाही. एवढं एकच पथ्य, पण ते जिवाशी बांधलेलं आहे.

आणि नेमकं तेच पथ्य आपाच्या रोज्याच्या आड येतं. दोन वर्षांपूर्वी तिनं आम्हा कुणाला न सांगता एक रोजा धरला. पहाटे सहरीला गोळी घेतली आणि दिवसभर तोंडात थुंकीसुद्धा गिळली नाही. इफ्तारच्या आधीच तिचा श्वास कोंडला. चाचांनी शेजाऱ्याच्या गाडीत घालून यवतमाळला आणलं तेव्हा ती निळी पडत चालली होती. घशात नळी, मशीनवर श्वास, ईदसुद्धा अतिदक्षता विभागात गेली. वाचली. ती नळी काढल्यावर मी तिच्या अंगावर इतकी ओरडले की नर्सा दारात येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हापासून दर वर्षी रमजान जवळ आला की ती माझ्याकडे येते आणि तपासणी संपल्यावर, उठता उठता, विचारते.

“बाई, यंदा एक तरी?”

“आपा, जीव जाईल.”

“मोलाना बी तेच मनते. बिमाराले माफी हाये मनते, गरिबाले जेवू घाल मनते. घालतो ना आमी. पन सारं घर सहरीले उठते, भांडे वाजते, अन् मीच गोधडीत पडून राहू का चोरावानी?”

जास्त वेळ काम करणारी गोळी असते, ती मी कधी अशा कामासाठी वापरून पाहिली नव्हती, आणि आपाच्या जिवावर प्रयोग करायची माझी छाती नव्हती. म्हणून मी नाहीच म्हणत आले.

सरांचं बोलावणं तिला सांगितलं तेव्हा मी काही लपवलं नाही. म्हटलं, आपा, हे तपासणी शिबिर नाही, ते लोक तुला बघतील, आपसात बोलतील आणि जेवायला जातील. पण आपल्याकडे डॉक्टर बाहेरगावाहून आले म्हणजे ते शिबिरच असतं. डोळ्यांचं शिबिर, हाडांचं शिबिर, तसं हे. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलवेना.

“साऱ्या देशाचे डाक्टर येनार मंता? मंग त्याइच्यात एखांद्याले तं मालूम असंन रोज्याचं. मी येतो, बाई. मले एकच गोष्ट इचाराची हाये.”

खरं सांगते, मलाही ते उत्तर हवं होतं. म्हणून मी सरांना हो म्हटलं, पण अट घातली, गोळीला हात लावायचा नाही. हिच्या पापण्या गोळी चालू असतानाही दुपारनंतर जराशा उतरतात, तेवढं दाखवा. सर म्हणाले, “अगं, अर्थातच!” त्यांचा तो ‘अर्थातच’ अजून माझ्या कानात वाजतो.

मागच्या रविवारी बायपासवरच्या मंगल कार्यालयात रंगीत तालीम ठेवली होती. होय, तालीम. दीपप्रज्वलनाची, शाल-श्रीफळाची, कुणी कुणाच्या डावीकडे बसायचं त्याची. आपा-चाचांना सकाळीच बोलावलं होतं. मला हॉस्पिटलमध्ये एक लकव्याचा पेशंट आला, त्याला सोडून निघता येईना, म्हणून मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पायऱ्या चढतानाच आतून टाळ्या ऐकू आल्या. मला वाटलं, सत्कार चालू असेल.

आत स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्चीत आपा बसली होती. मान एका बाजूला झुकलेली, दोन्ही पापण्या पार मिटलेल्या. सर माइक घेऊन तिच्या शेजारी उभे. त्यांच्या असिस्टंट बाईंनी हातमोज्यात बर्फ भरून तो आपाच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरला होता. ही खरी तपासणी आहे, पुस्तकातली आहे. गारव्यानं थोडा वेळ निरोप पोचतो आणि पापणी उघडते. बर्फ काढला, पापणी वर गेली, आपाचा एक डोळा उघडला आणि समोरच्या पंधरा-वीस डॉक्टरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मोबाइल वर झाले. “आणखी एकदा करा ना, माझा व्हिडिओ हलला,” असं पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. उघडलेल्या त्या एका डोळ्यानं आपा समोर बघत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ खाली ओघळली होती आणि ती पुसायला तिचा हात वर जात नव्हता.

सकाळच्या अकरा वाजता एवढ्या पापण्या पडलेल्या? मी चाचांना शोधलं. ते बाजूला केटररच्या टेबलापाशी टोपी हातात घेऊन उभे होते.

“चाचा, गोळी?”

“बंद हाये ना. काल साहेबाच्या हापिसातून फोन आलता. रातीपासून एकबी गोळी देऊ नोका मनले, तवाच तपासता येते मनले. रगत तपासाले उपाशी पोटी जा लागते, तसंच असंन मनलं. आमाले वाटलं, तुमालेच इचारून सांगून राह्यले.” मग ते हळूच म्हणाले, “बाई, सकायपासून तिले बोलता येऊन नाई राह्यलं. मी दोनदा सांगाले गेलतो. ते मनले, थांबा, आधी दिवा लावाची तालीम होऊ द्या.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ते खरं असतं. तिला घोट गिळता येत नाहीये, श्वास उथळ चाललाय, आणि हे लेकाचे समई आधी पूर्वेला ठेवायची की पश्चिमेला ते ठरवत होते! मी स्टेजवर गेले. हा अशक्तपणा तात्पुरता उतरवणारं इंजेक्शन तिथंच टेबलावर, फुलांच्या परडीशेजारी, सजवून ठेवलं होतं. प्रात्यक्षिकाचा शेवट त्यानंच करायचा होता. मी सिरिंज उचलली आणि भरायला लागले.

“अगं, अगं, थांब,” सर माइक न झाकताच म्हणाले, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. “त्याच्या आधी दोन स्लाइड आहेत माझ्या.”

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपाला एका कुशीवर टेकवलं, लाळ माझ्या ओढणीनं पुसली आणि इंजेक्शन दिलं. चाचा आणि मी मिळून तिला मागच्या खोलीत नेलं, वधूपक्षाची खोली, आरशाभोवती बल्ब लावलेली. नाडी बघत, श्वास मोजत मी तिच्या उशाशी बसले. बाहेर माइकवरून शाल कोण आणून देणार याची विचारणा चालू होती. हळूहळू तिच्या पापण्या वर आल्या, मग मान सरळ झाली. थोड्या वेळानं तिनं घोटभर पाणी मागितलं आणि ते तिच्या घशाखाली उतरलं तेव्हा कुठं मी तिचं मनगट सोडलं.

तेवढ्यात सर आत आले. हातात चहाचा कप. पंचवीस वर्षं मी या माणसाच्या पाया पडत आले, आणि त्या दिवशी ते दारात दिसले तेव्हा मला शिसारी आली, हे स्पष्टच लिहिते.

“काय मावशी, बरं वाटतंय ना आता? फार छान झालं तुमचं. अगदी पुस्तकात असतं तसं.”

आपा उठून बसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज अजून नाकातून येत होता, तरी ती एकेक शब्द लावून बोलली.

“साहेब, मले एकच गोष्ट इचाराची हाये. त्याच्यासाठीच आलतो मी. रमजान येऊन राह्यला. एखांदा रोजा धरता येते का मले?”

सर खुर्चीवरसुद्धा टेकले नाहीत.

“छे, छे! रोजा? अजिबात नाही हं! या आजारात एक गोळी जरी चुकली तरी जिवावर बेततं. मॅडमनी सांगितलं नाही तुम्हाला?”

चाचांनी मान खाली घातली. आपाची डावी पापणी अजून अर्धी खाली होती, पण तिनं सरांवरची नजर हलवली नाही.

“मंग काल रातीपासून तुमी कायले चुकवाले लावल्या?”

सर हसले. लहान लेकराला समजवावं तसं म्हणाले, “ते वेगळं, मावशी. ते शास्त्रासाठी.”

“हाव का?” आपा म्हणाली. “म्हंजे अल्लासाठी चुकवली तं मी मरीन, अन् तुमच्यासाठी चुकवली तं नाई मरनार.”

सरांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग दारातल्या असिस्टंटला म्हणाले, अधिवेशनात इंजेक्शन स्टेजवर ठेवायचं नाही, लोक घाई करतात. आणि गेले.

त्या दिवशी मी आपाला हॉस्पिटलमध्ये नेऊन संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, गोळ्या पुन्हा वेळेवर लावल्या आणि मगच घरी सोडलं. ग्रुपवर जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं, माझ्या कोणत्याही पेशंटची पापणी, हात, पाय काहीही यांना मिळणार नाही, हेही लिहिलं. उत्तर म्हणून दोन जोडलेले हात आले, आणि कुणीतरी विचारलं की सकाळच्या सफारीला स्वेटर लागेल का. मी ग्रुप सोडला. फ्लेक्सवाल्याला माझा फोटो काढ म्हटलं, तर तो म्हणाला, मॅडम, कोपरा कापला तं हवेनं अख्खा फाटते. मी म्हटलं, फाटू दे बाप्पा, एकदाचा फाटू दे. त्यानं अजून काढलेला नाही. परवा असिस्टंट बाईंचा फोन आला, माफी मागायला असेल असं वाटून मी उचलला. त्यांना दुसरी पेशंट हवी होती. “शक्यतो दोन्ही पापण्या पडणारी,” त्या म्हणाल्या. मी त्यांना जे बोलले ते छापता येणार नाही, पण वऱ्हाडीत ते फार सुंदर वाटतं.

काल आपा गोळ्या लिहून घ्यायला आली होती. रमजान तोंडावर आला आहे, बाजारात खजूर दिसायला लागलेत. मी तिला तपासलं, डोळे पाहिले, हात वर धरायला लावले. सगळं ठीक होतं. तिनं चिठ्ठी पिशवीत घातली, उठली आणि दाराकडे चालायला लागली. ती उठता उठता थांबेल म्हणून मी पेन हातातच धरून बसले होते.

“आपा,” शेवटी मीच म्हटलं, “यंदा रोज्याचं नाही विचारलं?”

ती वळली. दोन्ही डोळे स्वच्छ उघडे होते.

“सगळ्यात मोठ्या डाक्टरालेच इचारलं ना, बाई,” ती म्हणाली. “आता इचाराले कोनी रायलं नाई.”